सकाळी ९ ते संध्याकाळी ५: स्मार्ट मीटर आल्यावर घरातली कुठली कामं कधी करायची

आमच्याकडे नाशिकला वॉशिंग मशीन रात्री साडेदहाला लागायचं. जेवणं झाली, ओटा आवरला, की कपडे आत टाकायचे आणि झोपायला जायचं. रात्री वीज स्वस्त पडते असं कुणीतरी कधीतरी सांगितलेलं होतं. खरं तर घरगुती मीटरला ते लागूच नव्हतं, रात्रीची सवलत होती ती कारखान्यांना. पण सवय पडली ती पडली. आता मीटर बदललाय आणि गणित नेमकं उलटं झालंय. स्वस्त वेळ आहे ती दिवसाची.

जुलै २०२५ पासून महावितरणच्या ज्या घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट टीओडी मीटर आहे, त्यांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेत वापरलेल्या प्रत्येक युनिटमागे ८० पैसे सवलत सुरू झाली. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे, दिवसाच्या वेळेनुसार दर. वीज नियामक आयोगाच्या आदेशाने दर बदलत राहतात, त्यामुळे आजचा आकडा तुमच्या ताज्या बिलावर बघा. मी खालची सगळी उदाहरणं ८० पैशांनी केली आहेत. तुमच्या बिलावर वेगळा आकडा असेल तर तो घालून तीच आकडेमोड करा.

मुंबईत बेस्ट, टाटा किंवा अदानीचे ग्राहक असाल, किंवा इंदूर, बडोदा, बेळगावला राहत असाल, तर वेळा आणि सवलत तुमच्या कंपनीच्या दरपत्रकात पाहा. केंद्राने जून २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून उन्हाच्या तासांचा दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी ठेवावा असं म्हटलं आहे, पण नेमके तास प्रत्येक राज्याचा आयोग ठरवतो. यंत्रं मात्र सगळीकडे सारखीच आहेत, आणि या लेखात बोलायचं आहे ते मुख्यतः यंत्रांबद्दल.

दिवसाच का स्वस्त?

हे समजलं की पुढचं पाठ करावं लागत नाही. दुपारी बारा वाजता राज्यातले सौर प्रकल्प भरात असतात. शेतीपंपांना दिवसा वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतूनही ठिकठिकाणी असे प्रकल्प उभे राहत आहेत. त्याच वेळी कोळशावरच्या संचांची वीजनिर्मिती कमी करावी लागते, पण ते संच दिव्यासारखे बंद करता येत नाहीत. एका मर्यादेपर्यंतच खाली आणता येतात, कारण संध्याकाळी तेच पुन्हा लागणार असतात. सूर्य मावळतो आणि नेमके तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, पंखे, एसी, मिक्सर, गिझर सगळं एकदम सुरू होतं. मग ही भूक भागवायला कोयनेसारख्या जलविद्युत केंद्रांवर भिस्त ठेवावी लागते, बाजारातून महाग वीज घ्यावी लागते. म्हणून दुपारचं युनिट कंपनीला स्वस्त पडतं आणि संध्याकाळी सातचं महाग.

जुना मीटर महिन्याचा एकच आकडा सांगायचा. युनिट दुपारचं की रात्रीचं, हे त्याला ठाऊकच नसायचं. नवा मीटर स्वतःच्या घड्याळाप्रमाणे छोट्या छोट्या कालखंडांची वेगळी नोंद ठेवतो. लक्षात ठेवा, घड्याळ त्याचं आहे, तुमच्या भिंतीवरचं नाही. म्हणून मी नऊच्या ठोक्याला काही सुरू करत नाही, सव्वानऊला करते. आणि तासाभराचं काम चारच्या आत लावते.

पहिलं काम: बिल आणि मीटर वाचा

ताजं बिल घ्या. त्यावर तीन गोष्टी शोधा. एक, मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती वीज ओढायची परवानगी आहे, तो किती किलोवॅट आहे. दोन, एकूण युनिट किती. तीन, टीओडी सवलतीची ओळ आहे का आणि तिच्यासमोर किती युनिट लिहिली आहेत. मीटर बदलून एक पूर्ण महिना झाला तरी ही ओळ दिसत नसेल, तर घरातलं काहीही हलवण्याआधी तक्रार नोंदवा. ज्या कामाचं फळ बिलात उतरत नाही त्यासाठी घर उलटंपालटं करण्यात अर्थ नाही.

मग मीटरसमोर उभे राहा. स्मार्ट मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी १६००, ३२०० असा काही आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज गेली की तो दिवा तेवढ्या वेळा लुकलुकतो. घरातला कुठलाही भार मोजायला याहून चांगलं साधन नाही, आणि ते फुकट आहे. रविवारी सकाळी मी आणि मुलगी जिन्यात उभ्या राहिलो, घरातलं सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा, आणि फक्त गिझर लावला. दिवा टकटक करायला लागला. तिने घड्याळ धरलं, मी मोजलं. एका मिनिटात ५३. आमच्या मीटरचा आकडा १६००. ५३ गुणिले ६० भागिले १६००, म्हणजे जवळजवळ २ किलोवॅट. गिझरवर छापलेलं होतं तेच. मग गिझर बंद करून पंखा लावला, तर दिवा एकदा लुकलुकून पुन्हा लुकलुकेपर्यंत अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ गेला. कुठलं यंत्र किती खातं हे त्या पाच मिनिटांत मुलीला जितकं कळलं, तितकं मी वर्षभर सांगून कळलं नव्हतं.

घरातल्या प्रत्येक मोठ्या यंत्राचं असं मोजून घ्या आणि कागदावर लिहा. महावितरणच्या मोबाइल ॲपवरही वापर पाहता येतो, तो आठवडाभर रोज बघा. कुठल्या वेळी उंच बुरूज उभा राहतो ते दिसेल. बहुतेक घरांत असे दोन बुरूज असतात, सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी सात ते अकरा.

कशाच्या मागे लागायचं, कशाच्या नाही

यादी हातात आली की एकच प्रश्न विचारा: हे यंत्र पाणी तापवतं का, पाणी चढवतं का, किंवा बॅटरी भरतं का? उत्तर हो असेल तर ते हलवण्याजोगं. गरम पाणी, टाकीतलं पाणी आणि भरलेली बॅटरी साठवून ठेवता येते, म्हणून वीज कधी घ्यायची हे आपल्या हातात राहतं. उजेड आणि वारा साठवता येत नाही. अंधार पडला की दिवा लागणारच.

मिक्सरच्या वाटेला जाऊ नका. ७५० वॅटचा मिक्सर पाच मिनिटं चालला तर खातो ०.०६ युनिट. त्यावर मिळणारी सवलत जेमतेम पाच पैसे. इडलीचं पीठ चारला वाटा की आठला, बिलाला काही फरक पडत नाही. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, टीव्ही, राउटर, सगळ्यांना हेच लागू. फ्रिज चोवीस तास चालतो, त्याच्या वापराचा साधारण एक तृतीयांश भाग आपोआपच दिवसा पडतो. फ्रिज दुपारी चालू आणि रात्री बंद असले उद्योग करू नका. दूध नासेल, अन्न खराब होईल आणि वाचेल काहीच नाही.

गिझर

इथे सगळ्यात जास्त युनिटं आहेत, विशेषतः नाशिक-पुण्याच्या हिवाळ्यात. १५ लिटरच्या टाकीतलं पाणी २५ अंशांवरून ५५ अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून थोडी जास्त वीज लागते. २ किलोवॅटच्या गिझरला त्यासाठी १५-१६ मिनिटं पुरतात. तरीही अनेक घरांत तो तासभर सुरू असतो, कारण कुणीतरी बटण दाबलेलं असतं आणि आंघोळीला जाणारा अजून चहा पीत असतो.

ज्यांना सकाळी सातला बाहेर पडायचं आहे त्यांच्या आंघोळीची वेळ हलत नाही, तो विषय सोडून द्या. आमच्या सासूबाईंची आंघोळ आणि पूजा पहाटे होते, ती आठ-बारा आण्यांसाठी नऊनंतर ढकला असं मी कुणालाही सांगणार नाही. हलतात त्या इतर आंघोळी. घरी राहणारी माणसं, घरून काम करणारे, सुट्टीचे दिवस. आणि संध्याकाळची आंघोळ. ऑफिसमधून किंवा खेळून आल्यावर सहा-सातला आंघोळ करायची असेल तर गिझर साडेचारला २० मिनिटं लावून बंद करा. चांगल्या इन्सुलेशनच्या साठवणीच्या गिझरमध्ये पाणी दोन-तीन तास छान गरम राहतं. तुमचा गिझर जुना असेल तर आधी एकदा करून बघा. सहा वाजता पाणी कोमट झालेलं असेल तर तुमच्या घरी हा उपाय चालणार नाही. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरला तर साठवणच नाही, तिथे हा प्रश्नच येत नाही.

टायमर लावायचा असेल तर एक काळजी घ्या. २ किलोवॅटचा गिझर ९ अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतो, ३ किलोवॅटचा १३. त्यामुळे १६ अँपिअरचाच टायमर किंवा स्मार्ट प्लग घ्या. टेबललॅम्पसाठीचा ६ किंवा १० अँपिअरचा प्लग गिझरला लावला तर तो वितळू शकतो. चाकासारखा फिरणारा साधा टायमर स्वस्त मिळतो, पण वीज गेली की त्याचं घड्याळही थांबतं. दोन तास वीज गेली की तो दोन तास मागे पडतो, आणि साडेचारचा गिझर साडेसहाला लागतो. अधूनमधून वीज जाणाऱ्या भागात बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमरच घ्या.

कपडे आणि इस्त्री

साध्या पाण्याची धुलाई असेल तर मशीन फारशी वीज खात नाही. गरम पाण्याची निवड केली की मशीनमधला हीटर लागतो आणि एका धुलाईला एक युनिटच्या जवळपास जाऊ शकतं. म्हणून पहिला उपाय वेळेचा नाही, तापमानाचा. रोजच्या कपड्यांना साधं पाणी पुरतं. चादरी, टॉवेल, आजारपणातले कपडे एवढेच गरम पाण्यात, आणि ते दिवसा.

धुलाई दिवसा नेण्याचं माझं खरं कारण मात्र ऊन आहे. सकाळी सव्वानऊला लावलेले कपडे साडेदहाला दोरीवर जातात आणि दुपारी खडखडीत वाळतात. रात्री लावलेले पावसाळ्यात सकाळपर्यंत मशीनमध्येच कुबट होतात आणि पुन्हा धुवावे लागतात. म्हणजे वीज दोनदा, पाणी दोनदा, कष्ट दोनदा.

दोघंही नोकरी करत असतील तर? मशीनला उशिरा सुरू होण्याची सोय असते, पण घरात कुणी नसताना मशीन चालवणं मला पटत नाही. पाण्याचा पाइप निसटला तर खालच्या मजल्यापर्यंत पाणी जातं. त्यापेक्षा शनिवार-रविवार आणि मध्ये एखादी सुट्टी असं बसवा. आठवड्याला तीन पूर्ण भरलेल्या धुलाया चार माणसांना पुरतात.

इस्त्री रोज दोन शर्टांसाठी तापवू नका. ती तापेपर्यंतची वीज दर वेळी नव्याने लागते. रविवारी दुपारी बसून आठवड्याचे कपडे एकदम करा. आणि हे सगळं ठरवताना घरातल्या बाईच्या दुपारचा विचार करा. सकाळच्या धांदलीनंतर तिला मिळणारे ते दोन तास आता धुण्या-इस्त्रीने भरून गेले, तर वाचलेल्या पैशांची किंमत तिने मोजली असं होईल. काम हलवताना करणारा माणूसही बदलता येतो. आमच्याकडे रविवारची इस्त्री आता हे करतात.

एसी

एसी रात्रीच लागतो, त्यामुळे त्याचा मोठा वाटा हलणार नाही. दोन गोष्टी करता येतात. तापमान २४ ते २६ ठेवा आणि पंखा सोबत लावा. प्रत्येक अंशामागे साधारण ६ टक्के वीज वाचते असं केंद्राची ऊर्जा कार्यक्षमता संस्था, बीईई, सांगते. दुसरं, मे महिन्यात संध्याकाळी सहा-सातला एसी लावायची वेळ येतच असेल, तर चारला पडदे ओढून खोली थंड करा आणि पाचनंतर तापमान दोन अंशांनी वर न्या. जाड भिंतींच्या खोलीत हे जमतं. वर गच्ची तापलेली असेल, पश्चिमेची काचेची खिडकी असेल, तर अर्ध्या तासात गारवा निघून जातो आणि उलट जास्त वीज जाते. दोन दिवस करून बघा, मीटरचा दिवा मोजा आणि ठरवा.

ई-स्कूटर

बॅटरी तीन युनिटांच्या आसपास असलेली स्कूटर महिन्याला बारा वेळा पूर्ण भरली, तर चार्जरमधला तोटा धरून ४० युनिटं होतात. ती सगळी दिवसा गेली तर ३२ रुपये. गाडी दिवसा ऑफिसात असेल तर शनिवार-रविवारी तरी पूर्ण भरून ठेवा. वायर मात्र खिडकीतून लोंबकळणारी एक्स्टेन्शन नको. अर्थिंग असलेला पक्का पॉइंट पार्किंगमध्ये काढून घ्या.

सगळं एकदम लावू नका

ही चूक पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून झाली. सव्वानऊ वाजले, मी उत्साहात गिझर, मोटर, गरम पाण्यावर मशीन आणि इस्त्री एकापाठोपाठ सुरू केली. दोन, एक, दोन आणि एक, मिळून सहा किलोवॅट. मुख्य एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, खट्कन पडला आणि सगळं घर शांत. नशीब, एमसीबी नीट होता. जुन्या वायरिंगमध्ये तो पडायच्या आधी भिंतीतली तार तापते.

आठ तास हातात आहेत, घाई कसलीच नाही. आमचा क्रम आता असा आहे: सव्वानऊला मशीन, ते झालं की साडेदहाला मोटर, दुपारी असेल तेव्हा इस्त्री, साडेचारला गिझर. एका वेळी एकच मोठं यंत्र. मंजूर भार दोन किलोवॅट असेल तर हे तुमच्यासाठी जास्तच महत्त्वाचं, कारण स्मार्ट मीटर सर्वांत जास्त झालेला भारही नोंदवून ठेवतो.

सोसायटीची मोटर

एका फ्लॅटची सवलत महिन्याला पन्नास-शंभर रुपयांत बसते. सोसायटीच्या सामायिक मीटरवर मात्र खरा आकडा दिसतो. पाच हॉर्सपॉवरची मोटर साधारण साडेचार किलोवॅट ओढते. रोज चार तास चालली तर १८ युनिटं, महिन्याची ५४०. ती सगळी नऊ ते पाचमध्ये आली तर ४३२ रुपये, आणि त्यासाठी कुणाचीही आंघोळ हलवावी लागत नाही.

अडचण एवढीच असते की नगरपालिकेचं पाणी पहाटे येतं आणि वॉचमन लगेच मोटर लावतो. पाणी खालच्या टाकीत आलं म्हणून त्याच वेळी वर चढवलं पाहिजे असं नाही. आधी वरच्या टाकीची क्षमता बघा. संध्याकाळी पाचला भरलेली टाकी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पुरते का? सलग चार दिवस सकाळी पावणेनऊला गच्चीवर जाऊन पातळी पट्टीने मोजा. चतुर्थांश टाकी शिल्लक राहत असेल तर बिनधास्त बदला. राहत नसेल तर रात्री नऊला एक छोटी फेरी ठेवा, बाकीचं दिवसा.

फ्लोट स्विचवर चालणारी मोटर पातळी खाली गेली की कधीही सुरू होते, संध्याकाळी सातलाही. इलेक्ट्रिशियनला सांगून फ्लोटच्या आधी एक टायमर बसवून घ्या, म्हणजे नऊ ते पाच फ्लोटचं राज्य आणि इतर वेळी मोटर फक्त हाताने. खालची टाकी रिकामी असताना मोटर कोरडी चालू नये म्हणून खालच्या टाकीतला फ्लोटही चालू स्थितीत आहे ना, ते त्याच दिवशी तपासा. आगीसाठी राखीव असलेल्या टाकीला आणि पंपाला हात लावायचा नाही. बदल करण्याआधी सोसायटीच्या ग्रुपवर वेळा टाका आणि वॉचमनच्या केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवा, नाहीतर सुट्टीवरून आलेला दुसरा वॉचमन पुन्हा पहाटे पाचला मोटर लावेल.

महिन्यानंतर काय बघायचं

एकूण बिलाची तुलना करू नका. मार्चनंतर एप्रिल आला की पंखे वाढतात, बिल वाढतं आणि सगळं फुकट गेलं असं वाटतं. बघायचा तो वाटा: एकूण युनिटांपैकी दिवसाची किती. आमच्या पहिल्या बिलात २१४ पैकी ६१ होती. तीन महिन्यांनी १९६ पैकी ९२. जास्तीच्या ३१ युनिटांचे पंचवीसेक रुपये.

पण त्या बिलातला मोठा फायदा दुसरीकडेच होता. एकूण १८ युनिटं कमी झाली होती, कारण गिझर आता घड्याळावर बंद होत होता आणि गरम पाण्याचं बटण कुणी सहज दाबत नव्हतं. महावितरणच्या दरात पहिली १०० युनिटं स्वस्त आणि १०१ पासूनचा दर जवळजवळ दुप्पट, पुढे ३०० आणि ५०० ला आणखी चढ. कमी झालेली युनिटं नेहमी वरच्या टप्प्यातून जातात. एक युनिट दिवसा नेलं तर ८० पैसे, एक युनिट वापरलंच नाही तर त्याचा पूर्ण दर, शिवाय त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क. म्हणून आमच्या फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर दोन रकाने आहेत. डावीकडे 'दिवसा न्यायचं', उजवीकडे 'बंद करायचं'. उजवीकडचा रकाना मुलगी भरते. या आठवड्यात तिने लिहिलंय, 'बाबांचा कॉम्प्युटर, रात्रभर'.